वरच्या खुर्चीपर्यंत कोण पोचतं, आणि पदवी तिथे कमी का पडते

चिलीमध्ये नामवंत अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो तो मुख्यतः प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. ठरलेल्या गुणांच्या रेषेच्या वर असाल तर आत, जराशानं खाली असाल तर बाहेर. सेथ झिमरमन या अर्थतज्ज्ञानं या रेषेचाच उपयोग करून घेतला. ज्याचे गुण रेषेच्या किंचित वर आले आणि ज्याचे किंचित खाली राहिले, त्या दोघांच्या हुशारीत सांगण्यासारखा फरक नसतो. फरक एवढाच, की एकाला प्रवेश मिळाला आणि दुसऱ्याचा हुकला. तेव्हा बऱ्याच वर्षांनी या दोन गटांत जी तफावत दिसेल ती त्या प्रवेशामुळेच पडली, असं म्हणता येतं.

झिमरमन यांनी देशातल्या दोन सर्वांत मानाच्या विद्यापीठांतले कायदा, अभियांत्रिकी आणि व्यवसायाचे अभ्यासक्रम घेतले. तिथे प्रवेश मिळणारे विद्यार्थी एकूण विद्यार्थ्यांच्या फक्त 1.8 टक्के, पण शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांतली नेतृत्वाची 41 टक्के पदं त्यांच्याकडे. प्रवेश मिळाल्यामुळे अशा पदांचं प्रमाण 44 टक्क्यांनी वाढतं, हेही निघालं. 2019 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. इथवर वाचलं की वाटतं, बरोबरच आहे, चांगल्या कॉलेजात शिकला तो पुढे गेला.

मग त्यांनी ही वाढ नेमकी कोणाच्या पदरात पडली ते पाहिलं. भरमसाठ फी घेणाऱ्या खासगी शाळांतून आलेल्या मुलग्यांच्या. इतर शाळांतून आलेल्या मुलग्यांना आणि कुठल्याही शाळेतून आलेल्या मुलींना, प्रवेश परीक्षेत तितकेच गुण असूनही, नेतृत्वाच्या पदांच्या बाबतीत त्या प्रवेशाचा फायदा शून्य. थोडा कमी असता तर समजून घेता आलं असतं. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, पदवीचा कागदही तोच. मला हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचावा लागला, कारण ‘शिक, म्हणजे सगळे दरवाजे उघडतील’ हे आपण मुलांना इतक्या विश्वासानं सांगत असतो.

असं का होत असेल याचा एक धागा त्याच अभ्यासात आहे. एकाच वर्गात शिकलेली आणि सारख्याच प्रकारच्या शाळांतून आलेली मुलं पुढे एकाच कंपनीच्या व्यवस्थापनात एकत्र सापडण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे वर्गात बसायला सगळ्यांनाच मिळालं, पण वर्गाबाहेर जी मैत्री जमली ती आधीच्याच कुंपणांच्या आत जमली. आणि उद्या कोणाला बोलवायचं हे ठरताना तीच मैत्री उपयोगी पडली.

म्हणजे पदवी सारखी असली तरी फरक पाडते ती घरची पार्श्वभूमी. ‘पार्श्वभूमी’ हा शब्द आपण सैल वापरतो, म्हणून आधी तो जरा घट्ट करून घेऊ. तुमच्या आईवडिलांकडे पैसा किती होता, एवढाच त्याचा अर्थ नाही. ब्रिटनमध्ये कर्मचाऱ्यांची सामाजिक पार्श्वभूमी मोजायची असेल तर एक साधा प्रश्न विचारतात: तुम्ही 14 वर्षांचे असताना घरातली मुख्य कमावती व्यक्ती काय काम करत होती? उत्पन्न आठवत नाही, लपवावंसंही वाटतं, पण काम आठवतं. आणि त्या एका उत्तरातून घरातलं बरंच काही कळतं.

काय काय कळतं, याची मांडणी पिएर बुर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं केली. ते स्वतः खेड्यातून आलेले, वडील टपाल खात्यात. बुर्द्यू म्हणाले की भांडवल फक्त पैशाचं नसतं. एक पैशाचं, एक ओळखींचं आणि एक संस्कृतीचं, म्हणजे बोलणं, चालणं, आवडीनिवडी, कुठे काय शोभतं याची जाण. हे तिसरं भांडवल सगळ्यात फसवं, कारण ते भांडवल आहे असं दिसतच नाही. ते ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणून दिसतं. ज्याच्याकडे असतं त्यालाही ते आपण घरून आणलंय असं वाटत नाही, ते आपलंच आहे असं वाटतं.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ अॅनेट लारो यांनी वेगवेगळ्या थरांतल्या घरांत जाऊन, तिथे बसून मुलांचं रोजचं जगणं टिपलं. सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांत आईवडील मुलाला डॉक्टरकडे नेताना वाटेतच सांगतात, तुला काही विचारायचं असेल तर विचार. मुलगा विचारतो, डॉक्टर उत्तर देतात. वरच्या माणसाशी नजर भिडवून बोलायचा सराव तिथे होतो. कामगारांच्या घरांत मुलं मोकळी खेळतात, नातेवाइकांत वाढतात, एकमेकांना सांभाळतात, पण अधिकाऱ्यासमोर गप्प राहायचं आणि अदबीनं वागायचं हे शिकतात. दोन्ही घरं मुलांवर सारखंच प्रेम करतात. मात्र पंचवीस वर्षांनी मीटिंगमध्ये मॅनेजरनं ‘कोणाचं काही वेगळं मत?’ असं विचारलं की पहिल्याचा हात वर जातो. दुसऱ्याकडेही मत असतं, पण ते बोलावणं खरं आहे की नुसती रीत, याचा विचार करण्यात त्याचा क्षण निघून जातो. नंतर नोंद होते ती ‘पुढाकार कमी’ अशी.

पैशाच्या भांडवलाचं कामही आपल्याला वाटतं त्यापेक्षा वेगळं असतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण ज्या घरात रोज जगावी लागते तिथलं मूल जोखीम मोजायला लवकर शिकतं. ते शहाणपणच आहे. पण नेतृत्वाकडे जाणाऱ्या वाटेवर बऱ्याच जागा अशा लागतात जिथे अंथरुणाबाहेर पाय काढावा लागतो: बिनपगारी इंटर्नशिप, महागड्या शहरात कमी पगारावर काढायची दोन वर्षं, बुडू शकणाऱ्या नव्या विभागाची जबाबदारी, चालू नोकरी सोडून घेतलेली पदवी. पडलो तर घर सावरेल ही खात्री असलेला माणूस इथे हो म्हणतो. ज्याच्या पगारावर घर चालतं तो नाही म्हणतो. दहा वर्षांनी पहिल्याच्या बायोडाटात ‘धाडसी निर्णय’ दिसतात आणि दुसऱ्याच्या ‘स्थिर कामगिरी’. बायोडाटा वाचणाऱ्याला त्यामागचं अंथरूण दिसत नाही.

आता नेहमीचा आक्षेप घेऊ, कारण तो खोटा नाही. वर पोचलेले लोक हुशार आणि कष्टाळू असतातच की! असतात. स्वीडनमध्ये सक्तीच्या लष्करी भरतीसाठी 18व्या वर्षी मुलग्यांच्या बुद्धीच्या आणि स्वभावगुणांच्या चाचण्या होत. रेनी अॅडम्स, मत्ती केलोहार्यू आणि सामुली क्नुप्फर या अभ्यासकांनी दहा लाखांहून जास्त पुरुषांच्या त्या नोंदी घेतल्या आणि त्यांतले पुढे कंपन्यांचे प्रमुख कोण झाले ते ताडून पाहिलं. प्रमुख झालेले सरासरीपेक्षा सरस होते, मोठ्या कंपन्यांचे तर चांगलेच सरस. पण त्यांच्याइतकेच किंवा त्यांच्याहून चांगले गुण असलेले असंख्य पुरुष त्याच उद्योगक्षेत्रात व्यवस्थापनाच्या कामावर होते आणि प्रमुख झालेले नव्हते. म्हणजे गुणवत्ता हे दारात उभं राहण्याचं तिकीट आहे. दारात उभ्या असलेल्या शेकडो जणांतून एकाला आत घेताना दुसरंच काही बघितलं जातं.

ते दुसरं काय, हे लॉरेन रिवेरा आणि अँड्रास टिल्चिक यांच्या प्रयोगात अगदी जवळून दिसतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी अमेरिकेतल्या 316 बड्या वकिली कचेऱ्यांना कायद्याच्या विद्यार्थ्यांचे बनावट अर्ज पाठवले. कॉलेज, गुण, कामाचा अनुभव सगळं हुबेहूब सारखं. बदलले ते कोपऱ्यातले तपशील. एकाच्या छंदांत शिडाच्या होडीच्या शर्यती, पोलो आणि शास्त्रीय संगीत. दुसऱ्याच्या छंदांत अॅथलेटिक्स, मैदानावर जमेल तसं फुटबॉल आणि कंट्री, म्हणजे ग्रामीण बाजाचं, संगीत, शिवाय आर्थिक मदतीवर शिकणाऱ्या खेळाडूंसाठीच्या पुरस्काराचा उल्लेख. पहिल्या प्रकारच्या पुरुष अर्जदारांपैकी सुमारे 16 टक्के जणांना मुलाखतीला बोलावणं आलं, दुसऱ्या प्रकारच्या पुरुषांपैकी साधारण 1 टक्क्याला.

त्या पुरस्काराच्या ओळीपाशी मी थांबते. कोणत्याही घरात ती अभिमानानं सांगितली जाते. गरजू असूनही पुरस्कार मिळवला, म्हणून तो जास्तच मोलाचा. अर्जदारही ती त्याच भावनेनं लिहितो. पण वाचणाऱ्याच्या नजरेत तीच ओळ ‘हा आपल्यातला नाही’ याची खूण ठरू शकते.

याच प्रयोगात श्रीमंत घरच्या खुणा असलेल्या स्त्रियांना त्या खुणांचा फायदा झालाच नाही. या बायका नोकरी टिकवणार नाहीत, घरसंसारासाठी सोडतील, असा संशय त्यांच्या वाट्याला आला. एकाच खुणेचा पुरुषासाठी एक अर्थ आणि स्त्रीसाठी दुसरा, म्हणून पार्श्वभूमीचा विचार लिंगाला बाजूला ठेवून करता येत नाही.

बोलण्याचंही तसंच. मायकेल क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली दाखवलं की अनोळखी माणसाच्या तोंडून नुसते सात सुटे शब्द ऐकूनही लोकांना त्याचा सामाजिक थर बऱ्यापैकी ओळखता येतो. पुढच्या टप्प्यात, नोकरभरतीचा अनुभव असलेल्या लोकांनी उमेदवारांची पात्रता न पाहता फक्त थोडंसं बोलणं ऐकलं किंवा वाचलं. वरच्या थरातले उमेदवार त्यांना अधिक सक्षम वाटले आणि जास्त पगारालाही लायक वाटले. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण इथे शीत एका भांड्यातलं आणि निकाल दुसऱ्याच भांड्याचा.

मी स्वतः एका निवड समितीवर बसले होते. टीम लीडरची जागा, शेवटी दोन उमेदवार उरले. एकाच्या कामाचे आकडे स्पष्टपणे चांगले होते. तो प्रत्येक प्रश्नाआधी क्षणभर थांबे, ‘सर’, ‘मॅडम’ म्हणे आणि विचारलं तेवढंच सांगे. दुसरा खुर्चीत टेकून बसला, आमच्यातल्या एकाच्या प्रवासाविषयी बोलला, दोनदा हसवून गेला. दार बंद झाल्यावर पहिलं वाक्य आलं, “हा जमून जाईल आपल्यात.” दुसरं, “तो चांगला आहे, पण क्लायंटसमोर उभा करता येईल का?” मीही मान डोलावली. आकडे कोणीच पुन्हा उघडले नाहीत. त्या खोलीत कोणाच्याही मनात आकस नव्हता, आणि मला आजही बोचतं ते हेच, की आकस नसतानाही ते घडलं.

या सगळ्या उदाहरणांतून मला जी गोष्ट पटली ती अशी: पद जितकं वरचं, तितकं तिथलं काम मोजायला अवघड, आणि काम मोजता येत नाही तिथे निवड विश्वासावर होते. टंकलेखकाची परीक्षा घेता येते, कोड लिहिणाऱ्याचा कोड चालवून बघता येतो. पण पुढची पाच वर्षं कंपनी कोण नीट चालवेल याची परीक्षा कशी घेणार? मग ‘एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स’ (म्हणजे वरिष्ठाला शोभेल असा रुबाब), ‘वजन आहे’, ‘पॉलिश आहे’ असे शब्द येतात. ते शब्द वापरणाऱ्याला खरंच काहीतरी जाणवलेलं असतं. पण जे जाणवतं त्यात ओळखीचेपणाचा भाग मोठा असतो. हा माणूस माझ्यासारखा विचार करतो, म्हणून त्याचं पुढचं वागणं मला सांगता येतं, म्हणून तो भरवशाचा.

जर्मनीतले समाजशास्त्रज्ञ मिशाएल हार्टमान यांचं काम इथे नेमकं उपयोगी पडतं. त्यांनी कायदा, अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या हजारो लोकांचा पुढचा प्रवास तपासला. म्हणजे शिक्षणाच्या शेवटच्या पायरीवर सगळे बरोबरीनं उभे. तरीही बड्या उद्योगांच्या शिखरावर पोचण्याची शक्यता उच्चभ्रू घरांतून आलेल्यांची कितीतरी जास्त निघाली. प्राध्यापकीत मात्र घराण्याचा थेट परिणाम उद्योगाच्या मानानं कमी होता. मला यात कारण दिसतं ते असं, की संशोधकाचं छापलेलं काम कोणालाही वाचून तपासता येतं. बोर्डाच्या खोलीत तपासायला असं काही नसतं.

कंपनीत शिरल्यावर तरी हिशेब बरोबरीचा होतो का? सॅम फ्रीडमन आणि डॅनियल लॉरिसन यांनी ब्रिटनची सरकारी आकडेवारी घेऊन दाखवलं की वरच्या दर्जाच्या व्यवसायांत पोचलेल्या कामगारवर्गीय घरांतल्या लोकांना त्याच व्यवसायांतल्या सुस्थित घरांतल्या लोकांपेक्षा सुमारे 16 टक्के कमी मिळकत होते. शिक्षण, अनुभव वगैरे जमेस धरूनही तफावत पूर्ण मिटत नाही. केपीएमजी या लेखापरीक्षण संस्थेच्या ब्रिटनमधल्या शाखेनं आपल्या 16 हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या पाच वर्षांच्या बढत्या तपासल्या आणि 2022 मध्ये निष्कर्ष जाहीर केला. कामगारवर्गीय घरांतून आलेल्यांना पुढच्या श्रेणीत जायला सरासरी 19 टक्के जास्त वेळ लागत होता. हे एका बढतीत फारसं जाणवत नाही. पण पाच-सहा बढत्यांची शिडी असेल तर सोबत लागलेले दोघे शेवटच्या पायरीपाशी काही वर्षांच्या अंतरानं उभे असतात, आणि उशिरा पोचलेल्याला वय आडवं येतं.

हा वेळ जातो कुठे? मुख्यतः डोक्यावर हात नसण्यात. ऑफिसच्या भाषेत ज्याला गॉडफादर म्हणतात तो सल्ला देणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. सल्ला देणारा तुमच्याशी बोलतो, गॉडफादर तुम्ही नसलेल्या खोलीत तुमच्याविषयी बोलतो. नफ्यातोट्याची थेट जबाबदारी असलेलं काम, ज्याच्याशिवाय सहसा कोणी प्रमुख होत नाही, ते कोणाला द्यायचं हे अशाच बोलण्यात ठरतं. आणि वरिष्ठ ज्याच्यात आपलं तरुणपण बघतो त्याच्यावर हात ठेवतो. त्यात त्याला पक्षपात केल्यासारखं वाटत नाही. होतकरू मुलाला मदत केली, असंच वाटतं.

या कुंपणाचं नाव देशोदेशी बदलतं. फ्रान्समध्ये अभियांत्रिकीची एकोल पोलितेक्निक, व्यवसायशिक्षणाची एचईसी आणि सरकारी अधिकारी घडवणारी पूर्वीची एना यांसारख्या मोजक्या शिक्षणसंस्थांचा शिक्का बोलतो. भारतात त्याचं नाव जात. डी. अजित, हान डॉन्कर आणि रवी सक्सेना यांनी 2012 मध्ये देशातल्या 1000 आघाडीच्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास छापला, त्यात जवळपास 93 टक्के सदस्य उच्च मानल्या गेलेल्या जातींचे होते. त्याआधी 2007 मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं बदललेले अर्ज पाठवले होते. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावापेक्षा बरीच कमी निघाली आणि मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. तिथे तर छंदांपर्यंत जायचीही गरज पडली नाही.

मग नोकरीच्या शिडीचा नाद सोडून स्वतःचा उद्योग काढावा, असं कोणी म्हणेल. तिथे कोणाची मुलाखत द्यावी लागत नाही हे खरं, पण पडण्याची किंमत असतेच. रॉस लीव्हाइन आणि योना रुबिनस्टाइन यांनी अमेरिकेत पाहिलं, तर नोंदणीकृत कंपनी काढणारे लोक सुस्थित, शिकलेल्या घरांतूनच जास्त आलेले होते. आणि जिथे उद्योग वारशानंच मिळतो तिथलं चित्र डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात आहे: कंपनीची सूत्रं घरच्याच माणसाकडे गेली की मालमत्तेवरचा नफा बाहेरच्या व्यावसायिकाच्या तुलनेत किमान 4 टक्केबिंदूंनी खाली येतो. म्हणजे यात नुकसान फक्त मागे राहिलेल्यांचं नाही. कंपनीलाही त्याची किंमत मोजावी लागते, आणि तिथे काम करणाऱ्यांनाही.

उपाय आहेत, आणि त्यांतले बरेचसे साधे आहेत. मोजणं हा पहिला. ब्रिटनच्या 2010च्या समता कायद्यात संरक्षित मानलेल्या नऊ बाबी आहेत आणि त्यांत सामाजिक वर्ग नाही, त्यामुळे कायद्याच्या नजरेतून ही तफावत सहज निसटते. केपीएमजीनं ती स्वतःहून मोजली आणि 2030 पर्यंत भागीदार-संचालकांत 29 टक्के लोक कामगारवर्गीय घरांतले असावेत असं लक्ष्य जाहीर केलं. आकडा मांडला की निदान त्यावर बोलता तरी येतं. इंटर्नशिपला पगार देणं, आतल्या जागा कुजबुजीनं न भरता सगळ्यांना दिसतील अशा जाहीर करणं, सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारणं, हेही हातातलं आहे. सॉफ्ट स्किल्सच्या शिबिरांवर माझा मात्र फार भरवसा नाही. बोलण्याची ढब बदलून दुसऱ्यासारखं व्हायचा सगळा भार त्यात खालून येणाऱ्यावर पडतो, आणि निवडणाऱ्याच्या नजरेचा प्रश्न तसाच राहतो.

आमच्या त्या समितीत पुढच्या वेळी आम्ही एक गोष्ट बदलली. उमेदवार बाहेर गेल्यावर कोणीही बोलायचं नाही. आधी प्रत्येकानं प्रत्येक प्रश्नाचे गुण आणि त्यामागचं कारण लिहायचं, मग कागद मध्ये ठेवायचे. फॉर्मवर शेवटी ‘व्यक्तिमत्त्व : 10 गुण’ असा रकाना होता. त्यात सगळ्यांनी गुण दिले होते, पण कारणाच्या जागी एकालाही काही लिहिता आलं नव्हतं. तो रकाना आम्ही तिथेच खोडला आणि गुणांची बेरीज पुन्हा केली.